एडिटरमधले नकोसे रंग : कुठून आले, कसे घालवले?

थीम कोणती झकास यावर पैशाला पासरी लेख सापडतात. न मागता आलेले रंग घालवायचे कसे, हे मात्र ज्याचं त्यानं शोधायचं. म्हणून हा धागा. कोणता एडिटर (कोड किंवा फाइल लिहायचा प्रोग्रॅम), कोणता रंग आणि मूळ कारण काय निघालं, ते लिहा. ‘थीम बदलून बघा’ हा सल्ला कृपया नको, तो सगळ्यांनाच सुचतो. (कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच रोमनमध्ये.)

सुरुवात माझ्यापासून. सर्व्हरवर विममध्ये (टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत चालणारा एडिटर) कॉन्फिग फाइल उघडली की कॉमेंट्स, म्हणजे हॅशपुढची टिपणं, काळ्यावर गडद निळ्या. डोळे किलकिले केल्याशिवाय ओळीच्या सुरुवातीचा हॅशसुद्धा दिसत नाही, आणि अशा फाइलीत अर्धी माहिती कॉमेंटमध्येच असते. कारण असं की टर्मिनलची पार्श्वभूमी काळी आहे की पांढरी, हे विमला दरवेळी कळतंच असं नाही. मग तो अंदाज बांधतो. पांढरी धरली, की पांढऱ्यावर उठून दिसतील असे गडद रंग काढतो. ‘:सेट बॅकग्राउंड=डार्क’ म्हटलं आणि कॉमेंट्स आकाशी झाल्या. नावावरून वाटतं तसं या कमांडनं मागचा रंग बदलत नाही. मागे काळं आहे, एवढंच विमला कळतं.

रात्रपाळी
आमच्याकडे उलटं. रंगच नको होते, म्हणून सर्व्हरच्या सामाईक विमआरसीत (विमची सेटिंग्जची फाइल) ‘सिंटॅक्स ऑफ’, म्हणजे कोडचे रंग बंद, असं लिहिलं. डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) होतं. तरी रंग जसेच्या तसे. फाइल चुकली का, परवानग्या चुकल्या का, सगळं तपासून झालं. शेवटी उत्तर त्याच फाइलीतल्या एका कॉमेंटमध्ये निघालं (तीही गडद निळी!). 2016 च्या विम 8.0 पासून, वापरणाऱ्याची स्वतःची विमआरसी नसेल तर विम आपली ‘डिफॉल्ट्स.विम’ वाचतो, आणि डेबियनमध्ये ती सामाईक फाइलीच्या नंतर वाचली जाते. म्हणजे आपण बंद केलेले दिवे मागून येऊन कोणीतरी पुन्हा लावतंय. ‘स्किप_डिफॉल्ट्स_विम’ला 1 दिला, तेव्हा कुठे थांबलं. पण मग त्या फाइलीतल्या इतर सोयीही जातात, त्या हव्या असतील तर एकेक स्वतः लिहाव्या लागतात.

नवखी
मी एक शब्द शोधला होता, तो संपूर्ण फाइलभर पिवळा झालाय. दुसरी फाइल उघडली तर तिथेही पिवळा. विम बंद न करता काही करता येईल का?

धागाकर्ता
तात्पुरतं ‘:नोह’. पुढचा शोध घेतलात की पुन्हा पिवळं होईल. कायमचं नको असेल तर ‘:सेट नोएचएलसर्च’. त्याआधी ‘:व्हर्बोज सेट एचएलसर्च?’ विचारून बघा. ते सेटिंग एखाद्या फाइलीतून आलं असेल तर तिचं नाव सांगतो, नव्या आवृत्त्यांत ओळ क्रमांकही. कुठल्याही रंगाची झडती इथूनच घ्यावी.

टीमक्सग्रस्त
झडतीत काहीच सापडत नाही, असंही होतं. टीमक्समध्ये (एका टर्मिनलमध्ये अनेक टर्मिनल चालवणारा प्रोग्रॅम) विम उघडला की जिथे अक्षर तिथे थीमचा रंग आणि उरलेली ओळ काळी, म्हणजे पानभर पट्टे. कंट्रोल-एल मारलं (स्क्रीन नव्यानं काढली) की नीट, जरा स्क्रोल केलं की परत पट्टे. विमचं सगळं बरोबर होतं. बॅशआरसीत (कमांड चालवणाऱ्या बॅशची सेटिंग्जची फाइल) कुणीतरी ‘टर्म’ला, म्हणजे टर्मिनलचा प्रकार सांगणाऱ्या सेटिंगला, एक्सटर्म-256कलर देऊन ठेवलं होतं. टीमक्सच्या आत ते ‘स्क्रीन’ किंवा ‘टीमक्स’ घराण्यातलंच हवं, नाहीतर रिकामी जागा कोणी रंगवायची यावर दोघांचं जुळत नाही. ती ओळ उडवली. जिथे उडवता येत नाही तिथे विमआरसीत ‘सेट टी_यूटी=’ (बरोबरच्या चिन्हानंतर काही नाही) लिहून भागतं.

कंसकंटाळा
व्हीएस कोड. एका अपडेटनंतर कंस सोनेरी, जांभळे, निळे. एक्स्टेन्शन एकेक करून बंद केली, पण ही करणी एडिटरचीच. 2021 मध्ये आलेली सोय 2022 मध्ये आपोआप चालू झाली. सेटिंग्जमध्ये ‘ब्रॅकेट पेअर कलरायझेशन’ शोधा, टिक काढा. त्याच भरात अक्षरांभोवती येणाऱ्या पिवळ्या चौकटीही बंद केल्या.

रात्रपाळी
चौकटी परत चालू करा हो! वेबपेजवरून कोड चिकटवताना साध्या स्पेसच्या जागी नॉन-ब्रेकिंग स्पेस येते, ती डोळ्यांना दिसत नाही आणि प्रोग्रॅम मात्र अडतो. ती चौकट तेच दाखवते. कंसांचं तुमचं तुम्ही बघा.

लालहिरवा
मला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, त्यामुळे विमडिफ (दोन फाइलींतला फरक रंगवून दाखवणारा विम) म्हणजे शिक्षाच. फरकाची पार्श्वभूमी एका रंगात, वर सिंटॅक्सचे आणखी चार. डिफ चालू असेल तर सिंटॅक्स बंद, अशी अट विमआरसीत घातलीय. मागचे रंग तेवढे उरतात आणि अक्षरं वाचता येतात.

जुनाखोड
निओविमवाल्यांसाठी (विमपासून निघालेला एडिटर) : 2024 च्या 0.10 मध्ये मुळातले रंगच बदलले. तुमच्या फाइलीत काही शोधत बसू नका. ‘:कलरस्कीम विम’ म्हणा, जुने परत येतात.

नवखी
नोह चाललं. आणि व्हर्बोजनं ज्या फाइलीचं नाव दिलं, ती आमच्या आधीच्या सिस्टिम अॅडमिननं ठेवलेली निघाली. तिला हात लावू का?

धागाकर्ता
नको, आधी तुमची स्वतःची विमआरसी बनवा. ती नंतर वाचली जाते, त्यामुळे तुमचंच चालेल.