सेट ट्रिगरच्या रायफलीतली 'माशी' हरवली: नवी बसवावी की जुनं तसंच ठेवावं?

ओहायोकर
इकडे एका घरगुती लिलावात जुनी ठासणीची रायफल मिळाली. आठकोनी नळी, निम्म्यापर्यंतच लाकूड, टोपीवर (घोड्याच्या ठोक्यानं पेटणाऱ्या दारूच्या छोट्या वाटीवर) उडणारी, दोन चापांची, म्हणजे सेट ट्रिगरची. लॉकवर (घोड्याच्या यंत्रावर) 'गोल्चर' कोरलंय. मागचा चाप ओढला की 'टक्' होऊन यंत्र ताणलं जातं; मग पुढच्याला बोट लागायचा अवकाश, घोडा सुटतो. सुटतो आणि मध्येच हाफ-कॉकच्या, म्हणजे घोडा अर्धवट उचलून ठेवायच्या, खाचेत अडकतो! मागचा न लावता पुढचाच जोर लावून ओढला तर मात्र नीट खाली येतो. (गज घालून रिकामी असल्याची खात्री केलीय, टोपी बसते त्या निपलवर चामड्याचा तुकडा ठेवलाय.) टंबलरमधली (घोड्याबरोबर फिरणाऱ्या, खाचा असलेल्या भागातली) फ्लाय, म्हणजे माशी, गेलेली दिसते. नवी घडवून बसवणार आहे. कोणाचा विरोध?

जुनंतेसोनं
माझा. उडवायची हौस असेल तर नवी प्रतिकृती घ्या. दुरुस्तीच्या नावाखाली या रायफलींची वाट लागलीय. आधी चकमकीवर उडणाऱ्या होत्या त्या टोपीवर आणल्या, ते निदान त्या काळच्या गरजेनं. मग विसाव्या शतकात हौशी लोकांनी 'मूळ रूप' म्हणून त्या परत चकमकीवर नेल्या, नवे भाग घालून. आता खरं काय ते कोण सांगणार?

सावंतवाडीवाला
माशी म्हटल्यावर मला वाटलं नळीवरची, नेम धरायची!
आमच्या आजोबांकडे शेती राखायच्या परवान्यावरची ठासणीची होती. एकच चाप, तोही घट्ट. रानडुकरांच्या मागे काळोखात फिरताना इतका हलका चाप? नको रे बाबा.

रंजक
ताणलेला चाप घेऊन फिरायचंच नाही! नेम धरल्यावर ताणायचा, बार काढला नाही तर उतरवायचा. ही युक्ती जर्मन शिकारी रायफलींची, तिकडच्या कारागिरांबरोबर पेनसिल्व्हेनियात आली. सेंट लुईसच्या हॉकेन बंधूंच्या रायफली रॉकी पर्वतात गेल्या, त्यांनाही दोन चाप असायचे. घाईत पुढचाच ओढूनही बार काढता यावा, अशी सोय असलेले चाप होते. काही मात्र ताणल्याशिवाय उडतच नाहीत.

जुनंतेसोनं, तुमचं 'तसंच ठेवा' इथे उलटं पडतंय. साध्या चापात बोट सिअरला (टंबलरच्या खाचेत अडकून घोडा धरून ठेवणाऱ्या भागाला) दाबून धरतं, म्हणून सिअर खाचेपासून लांब राहतं. सेट ट्रिगर खालून नुसता टोला मारतो आणि मागे पडतो. सिअर लगेच टंबलरवर टेकतं आणि फिरता टंबलर त्याच्यावर आदळतो. माशीचं काम एवढंच, त्या क्षणी खाच झाकायची. ती नसताना 'टक् टक्' करत बसलं की सिअरचं टोक तरी जातं नाहीतर खाचेची कड.

आणि ओहायोकर, गोल्चर नावावरून रायफल कोणाची ते ठरवू नका. बंदूकवाले लॉक बाहेरून विकत घ्यायचे, कित्येक तर बर्मिंगहॅमहून येत. नळीच्या वरच्या पैलूवर नाव शोधा.

जुनंतेसोनं
टक् टक् करा असं मी म्हटलेलंच नाही. भिंतीवर टांगा म्हणतोय.
बरं, आधी लॉक उघडा. टंबलरमध्ये माशीसाठी खोबण असेल तर ती हरवलीय. नवी बसवायला जुनं काही कापावं लागत नाही, तेवढं चालेल. खोबणच नसेल तर लॉक आणि चाप मूळचे जोडीदार नाहीत. मग ड्रिल घेऊन बसलात तर विरोध कायम.

सावंतवाडीवाला
आणि उडवणार कुठे ते पण सांगा.

ओहायोकर
उघडलं. वाळून डिंकासारख्या झालेल्या तेलाखाली खोबण आहे, खिळीचं भोकही आहे, माशी नाही. पण सिअरच्या टोकावर कोणीतरी आधीच कानस चालवलीय, ओरखडे दिसतात. तेही जरा सारखं करून घेऊ का?

जुनंतेसोनं
कानस खाली ठेवा!