मदत हवी आहे: ब्लॉग आणि इन्स्टावर नेमाने टाकतेय पण ऑर्डर तुरळक, किती धीर धरायचा?

नमस्कार मंडळी,

आम्ही कुडाळजवळ राहतो, घरचे रातांबे (कोकमाची झाडं) आहेत, सासूबाई वर्षानुवर्षं आमसुलं, आगळ (कोकमाचा मीठ घातलेला रस) आणि अमृत कोकम (सरबताचा साखरेतला पाक) करतात. आधी सगळा माल व्यापारी न्यायचा आणि तो म्हणेल तो भाव, म्हणून एफएसएसएआयचं (खाद्यपदार्थ विकायला लागतं ते) रजिस्ट्रेशन काढून थेट गिऱ्हाइकाला विकायचं ठरवलं. ब्लॉगस्पॉटवर फुकटातला ब्लॉग, इन्स्टाग्राम पेज आणि व्हॉट्सॲप बिझनेसवर कॅटलॉग, हे सगळं मीच बघते, घरातलं आवरून रात्री.

गेल्या उन्हाळ्याच्या आधीपासून न चुकता लिहितेय. सासूबाई साल कशी रसात बुडवून उन्हात टाकतात, वाळली की परत बुडवतात, अशी पुटं देत देत ती कशी काळीभोर होते याचं रील केलं तर ते बऱ्यापैकी फिरलं, लाइक आले, "गावची आठवण आली" अशा कमेंट आल्या, पण त्यातून मागवलं कोणी जवळपास नाहीच. ब्लॉगचं तर त्याहून अवघड, गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये इम्प्रेशन (शोधणाऱ्यांना ब्लॉग किती वेळा दिसला ते) दिसतात, क्लिक बोटावर मोजण्याइतके. जे थोडे गिऱ्हाईक आहेत ते मात्र परत परत घेतात त्यामुळे मालाबद्दल मला शंका नाही.

आता घरचे म्हणतायत की हे पुरे, परत व्यापाऱ्याला देऊया. एका एजन्सीवाल्याचा फोन आला होता, तो म्हणतो महिन्याला पैसे द्या, फॉलोअर वाढवून देतो. मला सोडायचं नाहीये, मनापासून सांगते. पण नुसतं टाकत राहणं म्हणजे चिकाटी का? किती काळ थांबून बघावं आणि थांबलेलं कामी येतंय की नाही हे कशावरून ओळखायचं? कोणी असा धंदा उभा केला असेल तर प्लीज सांगा.

— कुडाळची सून

घाटमसाला: ताई, आधी एजन्सीवाल्याला नाही म्हणा. विकत घेतलेले फॉलोअर आगळ घेत नाहीत, उलट खऱ्या लोकांपर्यंत तुमची पोस्ट जाणं कमी होतं.

माझा मसाल्याचा धंदा आहे, मसाला लोक उन्हाळ्यात वर्षाचा भरून ठेवतात, म्हणून माझे पावसाळ्यातले आकडे बघून मीही हबकायचो. तुमचंही सीझनलच आहे, कोकम लोक मार्च ते मे मध्येच शोधणार. त्यामुळे ऑक्टोबरचा आकडा एप्रिलशी ताडू नका, गेल्या एप्रिलचा पुढच्या एप्रिलशी ताडा. रील दोन-चार दिवस फिरतं आणि खाली जातं, ब्लॉगचा लेख मात्र गूगलला सापडायला वेळ लागतो पण एकदा सापडला की दर उन्हाळ्यात माणसं आणतो. म्हणून उन्हाळ्याचे लेख दिवाळीनंतर लगेच लिहून टाका, ऐन मे मध्ये लिहिलेला त्या वर्षी फारसा कामाचा नाही.

इम्प्रेशन आहेत क्लिक नाहीत, तर सर्च कन्सोलमध्ये क्वेरी उघडा, लोक नेमकं काय टाइप करून तुमच्यापर्यंत येतायत ते तिथे दिसतं. तेच शब्द शीर्षकात घ्या. "आमच्या अंगणातली आंबट आठवण" असं कोणी शोधत नाही हो. आणि गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर काय विचारतात? तो प्रत्येक प्रश्न म्हणजे एक लेख.

कुडाळची सून: खूप आभार दादा, हे कोणी असं सांगितलंच नव्हतं. विचारतात ना, सगळ्यात जास्त दोनच प्रश्न: आमसुलं काळी आहेत म्हणजे जुनी का, आणि आगळ नि कोकम सरबत एकच का. प्रत्येकाला वेगळं टाइप करून सांगते की आगळात मीठ असतं, साखर नाही, ते सोलकढीला, आणि सरबताला अमृत कोकम.

घाटमसाला: मग हेच दोन लेख आधी लिहा. खाली व्हॉट्सॲपची लिंक, भाव आणि कुरिअर किती दिवसांत पोचतं ते स्पष्ट लिहा, भाव विचारायला लागला की निम्मे लोक तिथेच सोडतात. प्रत्येक ऑर्डरला विचारायचं, आमचं नाव कुठून कळलं? वहीत मांडून ठेवा. उन्हाळा संपल्यावर ज्या रस्त्याने कोणीच आलं नसेल तो बंद करा, बाकीचे चालू. आणि तोवर थोडा माल व्यापाऱ्याला देत राहिलात तरी चालेल, घरखर्च अडवून धीर धरू नका.

कुडाळची सून: हे घरच्यांनाही पटेल असं वाटतंय, व्यापाऱ्याला निम्मा माल द्यायचं मी आजच बोलते. अजून एक, आपल्या सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, तर तो लोगो मी बाटलीवर लावू शकते का?

घाटमसाला: असाच नाही लावता येत, अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावं लागतं. पण ते जरूर करा, नोंदणी झाली की त्याचाही लेख होईल.