नाशिक परिसरातून विजांचे छायाचित्रण : अंतर, ऋतू आणि जागा

प्रश्न – इंदिरानगरची गच्ची

नमस्कार. मी नाशिकला इंदिरानगर भागात राहते. वळिवाच्या आणि परतीच्या पावसात विजांची छायाचित्रे काढण्याचा छंद मला फार वर्षांपासून आहे. आमच्या गच्चीवरून नैर्ऋत्येला पांडवलेण्यांचा डोंगर आणि आग्नेयेला सिन्नरच्या बाजूचे आकाश दिसते. पूर्वी हे आकाश क्षितिजापर्यंत मोकळे होते. आता समोर उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत आणि रात्री शहराच्या दिव्यांनी ढगांचा तळ नारिंगी होऊन जातो.

माझ्याकडे फुल फ्रेम कॅमेरा, २४ आणि ५० मिलिमीटरच्या लेन्स आणि भक्कम ट्रायपॉड आहे. एफ/८, आयएसओ २०० आणि शटर २० सेकंद असे ठेवले, की जवळच्या विजेचा नुसता जाड पांढरा पट्टा उमटतो आणि तिचे फाटे हरवतात. वीज दूरची असेल, तर ती त्या नारिंगी उजेडात बुडून जाते. दोन्हींसाठी एकच मोजमाप चालणार नाही हे उघड आहे, परंतु ते नेमके कशाच्या आधारे बदलावे, हे मला समजून घ्यायचे आहे. दुसरे असे, की मे महिन्यातील चित्रे मळकट आणि ऑक्टोबरमधील स्वच्छ येतात, असे मला सातत्याने जाणवते. यामागे काही कारण आहे का? आणि शहराबाहेर मोकळे क्षितिज असलेली, तरीही जिवाला धोका नसलेली जागा कोणती, हेही जाणकारांनी सांगावे.

उत्तर – त्रिरश्मी

ताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देतो, कारण या छंदातील बाकी सगळे त्यावर उभे आहे.

चित्रात दोन निरनिराळे प्रकाश असतात. विजेचा एकेक झोत सेकंदाच्या अत्यंत लहान अंशात संपतो, त्यामुळे शटर ५ सेकंद उघडे होते की ३० सेकंद, याने विजेच्या उजळपणात काहीही फरक पडत नाही. तो केवळ अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र; एफ/ पुढचा आकडा जितका मोठा, तितके ते लहान) आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) यांवर ठरतो. शहराचा उजेड मात्र शटर उघडे असेपर्यंत साचत राहतो. म्हणून नारिंगी झाक कमी करण्यासाठी शटर २० सेकंदांवरून ६ ते ८ सेकंदांवर आणावे आणि विजेचा पट्टा बारीक करण्यासाठी अ‍ॅपर्चर लहान करावे. विजेची वाट प्रत्यक्षात काही सेंटिमीटरच रुंद असते. चित्रात दिसणारी जाडी ही अतिप्रकाशाने पसरलेली असते, आणि त्याच पसाऱ्यात फाटे झाकले जातात.

अ‍ॅपर्चर किती लहान करायचे, ते अंतरावर ठरवावे. लखलखाट आणि गडगडाट यांमधले सेकंद मोजून त्यांना ३ ने भागले, की अंतर किलोमीटरमध्ये मिळते. आयएसओ १०० कायम धरून मी साधारण ५ किलोमीटरवरच्या विजेला एफ/११ ते एफ/१६, १० किलोमीटरला एफ/८ आणि २० किलोमीटरच्या पुढे एफ/५.६ किंवा एफ/४ ठेवतो. हे आकडे सुरुवातीपुरते आहेत. मधे पावसाचा पडदा असेल, तर एक स्टॉप, म्हणजे दुप्पट प्रकाश, वाढवावा लागतो.

आता माझे स्पष्ट मत सांगतो. आपण जवळच्या विजेचा मोह सोडावा. वादळापासून २० ते ३० किलोमीटर अंतरावर, कोरड्या बाजूला उभे राहिल्यास वीज ज्या ढगातून उतरते तो संपूर्ण ढग चित्रात येतो, आणि माझ्या दृष्टीने खरे चित्र तेच आहे. गडगडाटी ढगाचा माथा सहज १२ किलोमीटर उंच जातो. ३० किलोमीटरवरून तो सुमारे २२ अंशांच्या कोनात दिसतो आणि ५० मिलिमीटरची लेन्स आडव्या चौकटीत उभा कोन सुमारे २७ अंशांचा देते. म्हणजे जमिनीची एक पट्टी, पूर्ण ढग आणि त्यावर थोडे मोकळे आकाश एवढे सगळे त्यात बसते. तोच ढग १० किलोमीटरवर असेल, तर २४ मिलिमीटरमध्येही जेमतेम मावतो. सिन्नर आपल्या गच्चीपासून सरळ रेषेत सुमारे २५ किलोमीटर आहे, त्यामुळे तिकडच्या वादळासाठी ५० मिलिमीटरच वापरावी. एवढ्या अंतरावरचा गडगडाट बहुधा ऐकू येत नाही, म्हणून तेथे सेकंद मोजण्याची पद्धत चालत नाही आणि नकाशाचाच आधार घ्यावा लागतो.

कॅमेऱ्यातील लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (लांब शटरच्या चित्रातील ठिपके काढणारी सोय) बंद ठेवावे. ते चालू असले, की प्रत्येक चित्रानंतर कॅमेरा तेवढाच वेळ अडकून पडतो. फोकस हाताने, दूरच्या दिव्यावर लाइव्ह व्ह्यू मोठा करून लावावा, चित्रे रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या स्वरूपात) घ्यावीत आणि इंटरव्हलोमीटर (एकामागून एक चित्रे आपोआप घेणारे साधन) लावून शटर सलग चालू ठेवावे. वीज पाहून बटण दाबायचे नसते. ती आधीपासून उघड्या असलेल्या शटरमध्ये यायची असते.

उत्तर – निफाडकर

आमच्या द्राक्षबागा आहेत. आकाश पाहण्याची सवय गारपिटीच्या धास्तीने लागली आणि पुढे कॅमेरा हाती आला, म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो.

मे आणि ऑक्टोबर यांतील फरक हा आपला भास नाही. मे महिन्यात जमीन तापलेली आणि हवा धुळीने भरलेली असते. ती धूळ दूरच्या विजेला पिवळट, तांबूस करते. पावसाळ्यात हवा धुऊन निघाल्यामुळे हस्त-चित्रा नक्षत्रांच्या सुमारास तीच वीज पांढरी आणि रेखीव दिसते. तरीही वळिवाची एक गोष्ट सरस आहे. जमिनीलगतची हवा कोरडी असल्याने तेव्हा ढगाचा तळ उंच असतो, आणि ढगातून निघून जमिनीपर्यंत येणारी विजेची वाट बरीच लांब उघडी दिसते. ऑक्टोबरमध्ये तळ खाली उतरलेला असतो. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र इगतपुरी, त्र्यंबकला धो-धो पाऊस असूनही वीज क्वचितच दिसते. ढगात विद्युतभार तयार होण्यासाठी बर्फाचे स्फटिक आणि मऊ गारा यांची टक्कर व्हावी लागते. घाटावरचे ऐन मोसमातले बरेचसे ढग त्या उंचीपर्यंत वाढतच नाहीत. त्या दिवसांत लेन्स सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवाव्यात, नाहीतर बुरशी धरते.

जागेबद्दल सांगायचे, तर माझी पहिली पसंती दिंडोरीहून वणीकडे जाणाऱ्या रस्त्याला आहे. उत्तरेला सप्तशृंगी आणि धोडपसह सातमाळा रांग २० ते ३० किलोमीटरवर आडवी पसरलेली दिसते, म्हणजे वर त्रिरश्मी यांनी जे अंतर सांगितले तेच. शिवाय डोंगरांच्या ओळखीच्या कडांमुळे वीज कोठे उतरली हे चित्रातच कळते. नैर्ऋत्येकडे वादळ असेल, तर गंगापूर धरणाच्या फुगवट्याच्या बाजूच्या रस्त्यांवरून अंजनेरी आणि ब्रह्मगिरीकडचे आकाश मिळते. परंतु पाण्याच्या काठाला उतरू नये आणि धरणाच्या भिंतीपासून दूर राहावे. रामशेज, चामर लेणी किंवा पांडवलेण्यांच्या माथ्यावर वादळ येताना कोणीही थांबू नये, मग चित्र कितीही चांगले मिळणार असो.

आमच्या निफाडच्या सपाटीवर चारही बाजूंनी क्षितिज मोकळे आहे, पण बाहेरून येणाऱ्यांना एक धोका लक्षात येत नाही. द्राक्षाच्या मांडवाचे लोखंडी अँगल आणि तारा शेतभर सलग जोडलेल्या असतात. एका टोकाला वीज पडली, तरी दुसऱ्या टोकाला तारेजवळ उभ्या असलेल्या माणसाला झटका बसू शकतो. कॅमेऱ्यासाठी म्हणून बागेच्या बांधावर उभे राहू नका. एकट्या झाडाखालीही नको. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात वीज पडून २,८८७ माणसे दगावली. शेतात काम करणारी माणसे यात किती सहज सापडतात, हे आम्ही गावोगाव पाहतो.

म्हणून माझी पद्धत अशी आहे. ट्रायपॉड रस्त्याच्या कडेला लावून इंटरव्हलोमीटर सुरू करायचा आणि पत्र्याच्या छताच्या बंद मोटारीत काचा वर करून बसायचे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप मोबाइलवर असावे. त्यात आपल्याभोवती २० आणि ४० किलोमीटरची वर्तुळे दिसतात आणि वीज कोणत्या बाजूने जवळ येते आहे हे समजते. ढगाच्या ऐरणीसारख्या पसरलेल्या माथ्यातून निघालेली वीज पावसापासून १० ते १५ किलोमीटर दूरही उतरू शकते, त्यामुळे अंगावर थेंब पडत नाही म्हणजे आपण सुरक्षित आहोत असे समजू नये. गडगडाट ऐकू आला, की मोटारीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे होईपर्यंत ट्रायपॉड काढायला उतरू नये. तोपर्यंत कॅमेरा भिजला तर भिजू द्यावा.

इंदिरानगरची गच्ची

आपण दोघांनीही इतक्या आस्थेने लिहिलेत, मनापासून आभारी आहे. दिंडोरी-वणी रस्ता या हंगामात नक्की पाहीन, आणि घरी वादळ जवळ आले, की गच्चीऐवजी खिडकीच्या आतून काम करीन. आणखी दोन शंका आहेत. वळीव पुष्कळदा दुपारी चार-पाचलाच येतो. तेव्हा उजेडात लांब शटर चालत नाही, तर काय करावे? आणि अनेक चित्रांतील विजा एका चित्रात एकत्र करणे आपल्याला योग्य वाटते का?

उत्तर – त्रिरश्मी

दिवसा दोन मार्ग आहेत. गडद एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची, प्रकाश कमी करणारी काच), एफ/११ आणि आयएसओ १०० ठेवून शटर अर्ध्या ते एक सेकंदापर्यंत आणता येते आणि चित्रे सलग घेता येतात. दुसरा मार्ग लाइटनिंग ट्रिगरचा आहे. प्रकाश ओळखून ट्रिगर कॅमेऱ्याला इशारा देतो, तोवर पहिला झोत बहुधा संपलेला असतो. तरीही चित्र मिळते, कारण एकाच विजेत त्याच वाटेने पुष्कळदा तीन-चार झोत येतात आणि त्यांच्यात सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आसपास अंतर असते. आपल्याला वीज थरथरल्यासारखी दिसते ती यामुळेच. चार्ल्स व्हर्नन बॉइज यांनी शोधलेल्या फिरत्या लेन्सच्या कॅमेऱ्याने बेसिल शोनलँड यांनी १९३० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत हे झोत वेगवेगळे करून दाखवले, आणि वीज ढगातून पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरते हेही छायाचित्रांतूनच सिद्ध केले. आपल्या छंदाला असा पूर्वज आहे याचा मला फार अभिमान वाटतो. ट्रिगर वापरताना शटर मेकॅनिकल ठेवावे; इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये चौकटीचा एखादाच आडवा पट्टा उजळलेला येतो.

विजा एकत्र करण्याबद्दल माझे म्हणणे असे, की ते खुशाल करावे, मात्र चित्राखाली तसे लिहावे आणि किती वेळातील विजा आहेत तेही नोंदवावे. कॅमेऱ्याचे घड्याळ निघण्यापूर्वी मोबाइलच्या वेळेशी जुळवून घ्यावे आणि मूळ रॉ फाइल्स तारखेसह वेगळ्या ठेवाव्यात. एखादी वीज नेमकी केव्हा आणि कोणत्या दिशेला उतरली, याचा शोध पुढे घ्यायचा झाला, तर एकत्र केलेल्या चित्रावरून तो घेता येत नाही.