मध्ययुगीन इतिवृत्तांवरून इंग्रज सरदारांच्या मृत्यूच्या तारखा कशा ठरवाव्यात?

प्रश्न

इंग्लंडमधील क्लेअर घराण्याची वंशावळ मी गेले काही महिने जुळवत आहे आणि ग्लॉस्टरचा अर्ल गिल्बर्ट द क्लेअर याच्यापाशी येऊन अडकले आहे. इंग्लंडचा राजा तिसरा हेन्री याच्या मोहिमेच्या वेळी तो १२३० साली ब्रिटनीत (आजच्या फ्रान्सच्या वायव्य भागात) वारला, याबद्दल दुमत दिसत नाही. मात्र एका वंशावळीत मृत्यूची तारीख २५ ऑक्टोबर आहे, तर दुसरीत १० नोव्हेंबर. सॉल्झबरीचा अर्ल विल्यम लाँगेस्पे याच्या बाबतीत तर दिवस दोन्हीकडे ७ मार्चच आहे, पण वर्ष एकीकडे १२२५ आणि दुसरीकडे १२२६ असे आहे. इतिवृत्ते लिहिणारे मठवासी त्याच काळातले होते, मग हा फरक कसा पडतो आणि कोणती तारीख खरी मानावी?

प्रतिसाद १

गिल्बर्टच्या बाबतीत १० नोव्हेंबर हा दफनाचा दिवस आहे. ब्रिटनीतून त्याचे शव प्लिमथ आणि क्रॅनबर्नमार्गे ट्यूक्सबरीला आणले गेले आणि तिथल्या मठात मुख्य वेदीसमोर पुरले गेले, म्हणजे मृत्यू आणि दफन यांत सोळा दिवसांचे अंतर आहे. क्लेअर घराणे या मठाचे आश्रयदाते होते, त्यामुळे त्या घराण्यासाठी ट्यूक्सबरीच्या वार्षिक नोंदींइतके जवळचे साधन दुसरे नाही; पण मठवासीयांनी डोळ्यांनी पाहिले ते दफन, मृत्यूची वार्ता त्यांना समुद्रापलीकडून ऐकावी लागली. त्याचा मुलगा रिचर्ड याचेही तसेच झाले. तो १२६२ च्या जुलैच्या मध्यास कँटरबरीजवळ वारला आणि ट्यूक्सबरीला त्याचे दफन २८ जुलैला झाले. म्हणून नोंदीतले क्रियापद मुळातून पाहावे: ‘मरण पावला’ असे लिहिले आहे की ‘पुरला गेला’? वंशावळी रचणाऱ्यांनी हा भेद पुष्कळदा पुसून टाकलेला असतो.

गिल्बर्टच्या तारखेत आणखी एक खाच आहे. तिसऱ्या हेन्रीचे राज्यवर्ष २८ ऑक्टोबरला, म्हणजे त्याच्या १२१६ मधील राज्याभिषेकाच्या दिवशी बदलते. त्यामुळे गिल्बर्टचा मृत्यू चौदाव्या राज्यवर्षाच्या शेवटच्या तीन दिवसांत आणि दफन पंधराव्यात येते. फक्त राज्यवर्ष देणारी नोंद हाती लागली, तर ती मृत्यूची की दफनाची हे त्या आकड्यावरूनही ताडता येते.

प्रतिसाद २

लाँगेस्पेच्या तारखेतला घोळ वर्षारंभाचा आहे. बाराव्या शतकापासून इंग्लंडमध्ये २५ मार्चला वर्ष सुरू करण्याची रीत रुळली आणि ती कायद्याने बदलली ती थेट १७५२ साली. पण काही मठांत नाताळपासूनही वर्ष धरत. जो लेखक २५ मार्चला वर्ष बदलतो, त्याच्या लेखी ७ मार्च हा दिवस अजून १२२५ मध्येच असतो, आणि आपल्या हिशेबाने तो १२२६ चा होतो. आपल्याकडे शके सालाचे इसवी सन काढताना नेमका हाच प्रसंग येतो. जेधे शकावलीतला शिवजन्म शके १५५१ च्या फाल्गुनातला आहे. चैत्रात वर्ष बदलत असल्यामुळे तिथे ७८ नव्हे तर ७९ मिळवावे लागतात, तेव्हा १६३० येते. जानेवारी ते २४ मार्च या काळातली कोणतीही इंग्लिश तारीख तुम्ही याच सावधपणाने तपासा, आणि त्या इतिवृत्ताचा वर्षारंभ आधीच्या-नंतरच्या नोंदींवरून स्वतः ठरवून घ्या.

रोमन पद्धतीच्या तारखांतही एका दिवसाची चूक सहज होते. चेस्टरचा अर्ल ह्यू ११०१ साली ऑगस्टच्या कॅलेंड्सच्या (म्हणजे महिन्याच्या पहिल्या तारखेच्या) आधीच्या सहाव्या दिवशी वारला, असे बाराव्या शतकातला मठवासी इतिवृत्तकार ऑर्डेरिक व्हिटालिस सांगतो. १ ऑगस्टमधून सहा वजा केले तर २६ जुलै येते, पण या गणनेत १ ऑगस्ट हाच पहिला दिवस धरतात, म्हणून खरी तारीख २७ जुलै.

प्रतिसाद ३

वरील दोन्ही प्रतिसाद योग्य आहेत, पण दोन इतिवृत्तांत एकच तारीख सापडली म्हणून ती पक्की झाली, असे कृपया समजू नका. सेंट ऑल्बन्सच्या मॅथ्यू पॅरिसने १२३५ च्या आसपासपर्यंतचा मजकूर त्याच मठातल्या रॉजर ऑफ वेंडोव्हरच्या इतिवृत्तावरून घेतला आणि त्यात भर घातली. त्या काळापुरते हे दोघे म्हणजे बव्हंशी एकच साक्षीदार आहे.

खरी पडताळणी सरकारी कागदांवरून होते. राजाकडून थेट जमीन धरणारा सरदार वारला की ती जमीन ताब्यात घेण्याचा हुकूम सुटत असे, आणि त्या हुकुमाच्या तारखेआधी तो वारलेला होता, एवढे त्यावरून निश्चित होते. साधारण १२३६ नंतर मरणोत्तर चौकशीचे, म्हणजे मृताच्या जमिनी आणि वारस यांच्या सरकारी तपासाचे, कागदही मिळू लागतात. मात्र एकाच माणसासाठी निरनिराळ्या परगण्यांतल्या पंचांनी निरनिराळे दिवस सांगितल्याचीही उदाहरणे आहेत, तेव्हा सरदार जिथे वारला त्या परगण्याच्या पंचांना मी अधिक वजन देतो. मठांच्या स्मरणनोंदी वेगळ्या कामाच्या आहेत. दरवर्षी प्रार्थना करायची असल्यामुळे त्यांत दिवस काळजीने लिहिलेला असतो, पण बहुधा वर्ष नसते. वर्ष इतिवृत्तातून आणि दिवस स्मरणनोंदीतून घेतला, तर अनेक तारखा सुटतात.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. गिल्बर्टच्या नोंदीत आता मृत्यू २५ ऑक्टोबर १२३० आणि दफन १० नोव्हेंबर १२३० असे दोन स्वतंत्र रकाने केले आहेत. लाँगेस्पेसाठी १२२६ धरून, मुळातले १२२५ हे २५ मार्चच्या वर्षारंभानुसार आहे अशी टीप जोडली आहे. आधी उतरवून घेतलेल्या जानेवारी ते मार्चमधल्या बावीस तारखा मात्र मला पुन्हा पहिल्यापासून तपासाव्या लागणार आहेत, आणि ते काम मी या आठवड्यातच हाती घेत आहे.