मदत हवी आहे: पालांवरच्या मुलांविषयीच्या अभ्यासासाठी निधी कसा उभारावा?

नमस्कार मंडळी,

नाशिकमध्ये आम्ही सातजणी मिळून एक छोटी नोंदणीकृत संस्था चालवतो. द्राक्षवेलींची ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतली कोकणा, वारली, महादेव कोळी कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर कामाला येतात आणि काढणी संपेपर्यंत बागेच्या कडेला पाल ठोकून राहतात. मुलांची नावे गावच्या अंगणवाडीच्या पटावर असतात आणि मुले मात्र इथे बांधावर. धाकट्याला सांभाळण्यासाठी थोरल्या बहिणीची शाळा सुटते, ती वेगळीच. अशा पालांवर आम्ही चार वर्षांपासून दुपारचे बालघर, म्हणजे लहान मुलांना सांभाळण्याची जागा, चालवत आहोत.

गेल्या हंगामात एका आईने विचारले, "ताई, बागेत काम सकाळी सातला सुरू होतं आणि तुम्ही दुपारी येता. वेळ ठरवताना आम्हाला कुणी विचारलं होतं का?" खरोखरच विचारले नव्हते. तेव्हापासून आमच्या मनात आहे की पालांवरच्याच दहा बायकांनी प्रश्न ठरवावेत, घरोघरी बोलावे, उत्तरांचा अर्थ आमच्यासोबत बसून लावावा आणि पुढचे काम त्यावरून ठरावे. मुलाखतींना गेलेला प्रत्येक दिवस म्हणजे बुडालेला रोज, त्यामुळे त्यांना निदान तेवढे मानधन मिळालेच पाहिजे, यावर आम्ही ठाम आहोत.

अडचण निधीची आहे. नाशिकच्या सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींतल्या काही कंपन्यांशी बोलणे झाले. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार त्यांना सामाजिक दायित्वासाठी, म्हणजे सीएसआरसाठी, मागील तीन वर्षांच्या नफ्याच्या सरासरीच्या २ टक्के खर्च करावे लागतात. पण त्या कायद्याच्या सातव्या अनुसूचीतील, म्हणजे सीएसआरमध्ये बसणाऱ्या कामांच्या यादीतील, संशोधनाचे कलम विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि वैद्यकशास्त्रापुरते आहे, म्हणून आम्हाला दप्तरे वाटण्याचा सल्ला मिळाला. एका अधिकाऱ्यांनी तर "लाभार्थींना पैसे कसे देणार?" असे विचारले. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेच्या प्रकल्पांसाठी मान्यताप्राप्त संस्थेतला संशोधक लागतो आणि आमच्यात प्राध्यापक कुणीच नाही. परदेशी देणगीची नोंदणी आमच्याकडे नाही, आणि परदेशी देणग्यांच्या कायद्यातील (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीनंतर मोठ्या संस्थेला तो पैसा आमच्याकडे वळवताही येत नाही.

म्हणून विचारते. अभ्यासाला बालघराच्या कामाचाच भाग म्हणून दाखवणे नियमात बसते का, आणि ते प्रामाणिकपणाचे ठरेल का? विद्यापीठाशी भागीदारी केली तर बायकांचा निर्णयाचा हक्क कसा टिकवावा? आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच आहे. त्यांच्याकडून किंवा पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेकडून एवढ्या लहान अभ्यासाला कुणाला साहाय्य मिळाले आहे का?

प्रतिसाद:

ताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे 'हो' आहे. सीएसआर नियमांत प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे, परंतु एखाद्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांचा थेट खर्च त्या मर्यादेत मोजला जात नाही. तुमचा अभ्यास म्हणजे बालघराची आखणीच आहे. तो पहिला टप्पा म्हणून उघडपणे लिहा, त्यात लपवाछपवी काहीच नाही. सातव्या अनुसूचीत शिक्षण आणि कुपोषण हे विषय आहेतच. बायकांची रक्कम 'क्षेत्र-संशोधकांचे मानधन' या शीर्षकाखाली दाखवा, कारण त्या काम करणार आहेत. संस्थेची १२ए आणि ८०जी ही प्राप्तिकराची नोंदणी आणि सीएसआर निधी घेण्यासाठीची सीएसआर-१ नोंदणी आधी तपासून घ्या.

त्या अधिकाऱ्यांना गडचिरोलीच्या 'सर्च' या आरोग्य संस्थेचे उदाहरण द्या. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या कामात गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांनी नवजात बाळांची घरोघरी काळजी घेतली आणि नोंदी ठेवल्या. नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे ते निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने छापले.

विद्यापीठाशी करार करताना माहितीची मालकी कुणाची आणि अहवाल आधी कुणाला वाचून दाखवायचा, हे पैसे येण्यापूर्वी लेखी ठरवा. मुलांशी बोलणार असाल तर संशोधनात सहभागींचे हित जपले जाते का हे तपासणाऱ्या नैतिकता समितीची मान्यता घ्या. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांच्या संमतीबरोबर ७ वर्षांवरील मुलाचा होकारही लागतो. म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठात चौकशी करून पाहा.

मूळ प्रश्नकर्ती:

मनापासून आभार. मानधनाचे शीर्षक आजच बदलते. करारातल्या अटी मात्र आम्ही परस्पर लिहिणार नाही. येत्या रविवारी पालावर बसून बायकांनाच विचारू. असा करार कुणी केला असेल तर त्याचा मराठी मसुदा मिळू शकेल का? इंग्रजी कागद त्यांच्यापुढे ठेवण्याची आमची इच्छा नाही.