वल्गुली : पक्षी की वटवाघूळ?

पानगळ : मुलांसाठीच्या एका लेखाचं भाषांतर करतेय. युरोपातल्या झाडीतला ग्रेट टिट. काळं डोकं, पांढरे गाल, पिवळं पोट, पोटावर मधोमध काळा पट्टा (नराचा जास्त रुंद). पक्ष्यांच्या पुस्तकात 'राखी वल्गुली' सापडलं, तेच लिहिलं. संपादकांनी दोन लाल रेघा मारल्या. पोट पिवळं, मग 'राखी' कशी? आणि संस्कृत कोशात वल्गुली म्हणजे वटवाघूळ! आता?

शब्दखोर : पहिली रेघ बरोबर. राखी ती आपल्याकडची. पाठ राखाडी, पोट मळकट पांढरं. पूर्वी दोन्ही एकाच जातीत धरत, म्हणून घोळ. दुसरीही बरोबर. 'वाघूळ' त्याच घराण्यातला शब्द.

खोडरबर : तरी नाव चपखल आहे. हा पठ्ठ्या डहाळीच्या टोकाला उलटा लटकून अळ्या टिपतो.

शब्दखोर : ही पश्चातबुद्धी. 'वल्गु' म्हणजे गोड, सुंदर. तिथून का नाही?

ढोलीवाली : मला 'वल्ग्' म्हणजे उड्या मारणे, यातून आलेलं वाटतं. दोन क्षण एका जागी ठरत नाही. वल्गनाही त्यातलीच ना? त्याही करते हो. मी एकदा ढोलीत डोकावले, तर अंड्यांवरची मादी सापासारखी फुत्कारली. चार पावलं मागे!

सरळसोट : सरळ 'टिट' लिहा.

शब्दखोर : आणि चिमणीला स्पॅरो?

सरळसोट : चिमणी आजीच्या तोंडात होती. वल्गुली कुणाच्या आजीनं म्हटलंय? पुस्तकातून पुस्तकात उडणारा पक्षी आहे तो.

खोडरबर : इंग्रजी तरी कुठे धुतल्या तांदळाची? टिटमाउसमधल्या माउसचा उंदराशी संबंध नाही. जुन्या इंग्रजीत या पक्ष्याला 'मासे' म्हणत, ते बिघडून माउस झालं.

ढोलीवाली : वाघूळ झालं, उंदीर झाला, आता मासे!

पानगळ : अहो, मजकूर आज द्यायचाय. 'पिवळी वल्गुली' चालेल?

ढोलीवाली : नको. तसं म्हटलं की आपल्याकडची तुरेवाली पिवळी डोळ्यांपुढे येते.

शब्दखोर : आधी 'तो वल्गुली' की 'ती', ते ठरवा.

खोडरबर : आणि वर मी 'लटकून' लिहिलं ते चुकलं. लटकतो कंदील. पक्षी लोंबकळतो.

सरळसोट : लोंबकळायला हातांनी धरावं लागतं. पक्ष्याला हात कुठले?

खोडरबर : मग वाघूळ काय करतं म्हणे?