चर्चा: गंभीर गुन्ह्यांसाठी ‘अल्पवयीन’ची मर्यादा १६ करावी का?

कोथरूडकर: १९ मे २०२४च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव पोर्शेखाली दोन तरुण इंजिनिअर गेले. त्याच दिवशी जामीन, वर ३०० शब्दांचा निबंध लिहायची अट. जुलै २०२५मध्ये त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवायची पोलिसांची मागणीही बाल न्याय मंडळाने फेटाळली. म्हणजे दोषी ठरला तरी जास्तीत जास्त तीन वर्षं विशेषगृह, म्हणजे मुलांचं सुधारगृह. ज्यांची पोरं गेली त्यांनी कुणाच्या तोंडाकडे बघायचं? मर्यादा सरळ १६ करा.

रेवती_वकील: निबंधाचं वाचून माझंही डोकं फिरलं होतं. पण २०१५च्या कायद्यात १६ वर्षांवरच्या मुलाला प्रौढ म्हणून उभं करायची सोय आहेच. गुन्हा मात्र ‘निर्घृण’ हवा, म्हणजे किमान शिक्षा सात वर्षं. सदोष मनुष्यवधाला किमान शिक्षाच नाही, आणि असे गुन्हे निर्घृण धरता येत नाहीत हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२०मध्येच सांगितलंय. बचाव पक्षाने नेमकं त्यावरच बोट ठेवलं.

कोथरूडकर: मग व्याख्या बदला! दिल्लीच्या २०१२च्या निर्भया प्रकरणातला अल्पवयीन तीन वर्षांत सुटला, तेव्हा संसदेने कायदा बदललाच ना?

मुक्ता: मी निरीक्षणगृहात, म्हणजे चौकशी चालू असलेल्या मुलांना ठेवतात तिथं, समुपदेशनाला जाते. तिथं श्रीमंतांची पोरं क्वचितच दिसतात. मोबाइलचोरीतली असतात; जामीन मिळूनही अडकलेली, कारण न्यायला कुणी येत नाही. आई ऊसतोडीला, बापाचा पत्ता नाही. एकाने मला आईचा नंबर तोंडपाठ सांगितला, दोनदा. लावला तर बंद. मर्यादा सरसकट १६ केलीत तर हा मोठ्यांच्या तुरुंगात जाईल. पोर्शेवाल्याला तिथंही चांगला वकील मिळेल.

आणि गाडी दिली कुणी? मोटार वाहन कायद्याच्या १९९अ कलमात पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपाखाली डॉक्टरांना अटक झाली. ते काय अल्पवयीन होते? त्या खटल्यांचा पाठपुरावा करा.

कोथरूडकर: पालकांना शिक्षा हवीच, पण स्टीअरिंग पोराच्या हातात होतं. मोबाइलचोरांचं पटलं, सरसकट नको. पण माणूस मेला असेल तिथं तरी मुलाची समज तपासायचा अधिकार मंडळाला द्या.

रेवती_वकील: हे मर्यादा १६ करण्यापेक्षा फार वेगळं आहे आणि मला मान्य आहे. अट एकच: तपासणीला प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ हवा, नुसता पोलिसांचा कागद नको.